विश्लेषण : मोठा कुत्रा दत्तक हवा, मग इतक्या चौकशा कशासाठी?

‘सेंट बर्नार्ड, नर, वय चार वर्षे. लसीकरण पूर्ण. मालक परदेशी जात असल्याने तातडीने घर हवे’, अशा आशयाचे संदेश मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांतील प्राणिमित्रांच्या व्हॉट्सॲप गटांवर सतत फिरत असतात. कधी सेंट बर्नार्डऐवजी रॉटवायलर असतो, कधी ग्रेट डेन, कधी लॅब्रेडोर. हौसेने, चांगले पैसे मोजून आणलेल्या या कुत्र्यांना दुसरे घर मिळवून देण्याचे काम बहुतांशी स्वयंसेवकांचे छोटे गट करतात. मात्र त्यांच्याकडे कुत्रा मागायला गेलेल्यांचा अनेकदा हिरमोड होतो. अर्ज, फोनवर मुलाखत, घराची पाहणी, करारपत्र आणि एवढे करून नकार. ‘कुत्रा दत्तक देताय की मुलीचे लग्न ठरवताय?’ असे म्हणत काही जण थेट विक्रेत्याकडून पिल्लू घेऊन येतात. या चौकशा कशासाठी असतात, त्या कुठे रास्त आणि कुठे जाचक ठरतात, मुळात हे काम स्वयंसेवकांच्या गळ्यात का पडले, याचा हा आढावा.

मोठेच कुत्रे अडचणीत का येतात?

दोन महिन्यांचे ग्रेट डेनचे पिल्लू कडेवर मावते. दीड-दोन वर्षांत तेच साधारण ५५ ते ७५ किलोंचे होते. सेंट बर्नार्ड नर ६५ ते ८० किलोंपर्यंत, रॉटवायलर नर ५० ते ६० किलोंपर्यंत आणि जर्मन शेफर्ड नर ३० ते ४० किलोंपर्यंत वाढतो. पिल्लू घेताना हा आकडा कुणी डोळ्यांसमोर आणत नाही. पाच किलोंच्या पिल्लाने अंगावर उडी मारली तर कौतुक होते. पन्नास किलोंच्या कुत्र्याने तीच उडी मारली की घरातील आजी पडतात आणि मांडीचे हाड मोडते. उडी मारू नये हे त्या कुत्र्याला कधी शिकवलेलेच नसते.

दुसरे कारण हवामानाचे. सेंट बर्नार्ड ही जात आल्प्स पर्वतात, स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरील सुमारे २,४६९ मीटर उंचीच्या खिंडीतील मठात वाढली. हस्की सायबेरियातील बर्फावर गाडी ओढणारा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. मुंबईच्या दमट हवेत ही यंत्रणा अपुरी पडते आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की उष्माघात जिवावर बेततो. म्हणजे वातानुकूलन यंत्र आणि त्याचे वीजबिल आले. वर्षभरात हौस ओसरते आणि कुत्रा गच्चीत, वाहनतळात किंवा गॅलरीत बांधला जातो.

बाकीची कारणे नेहमीचीच. बदली, घटस्फोट, घरात बाळाचा जन्म, मालकाचा मृत्यू, शेजाऱ्यांच्या तक्रारी. करोनाकाळात घरी बसलेल्यांनी मोठ्या उत्साहाने पिल्ले आणली. कार्यालये पुन्हा सुरू झाल्यावर त्यांतील अनेक दिवसभर एकटी पडली. याशिवाय, पिल्ले देण्याचे वय संपले म्हणून पैदासकारांनी सोडून दिलेल्या माद्या हा एक वेगळाच वर्ग. त्यांतील काहींनी पिंजऱ्याबाहेरचे जगच पाहिलेले नसते. जिने कसे चढायचे हेही त्यांना शिकवावे लागते.

‘फॉस्टर’ म्हणजे नेमके काय?

निवारा म्हणजे पिंजऱ्यांची ओळ आणि पगारी कर्मचारी. फॉस्टर पद्धतीत निवाऱ्याची इमारत नसते. सोडलेला कुत्रा कायमचे घर मिळेपर्यंत एखाद्या स्वयंसेवकाच्या घरात, त्याच्या कुटुंबाचा भाग म्हणून राहतो. उपचार, निर्बीजीकरण, लसीकरण यांचा खर्च गट वर्गणी आणि देणग्यांतून भागवतो. जागा आणि वेळ तात्पुरत्या पालकाचा.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे माहिती. पिंजऱ्यात दिसणारा कुत्रा आणि घरात वावरणारा कुत्रा यांत खूप अंतर असते. तो कुकरच्या शिट्टीला घाबरतो का, जेवणाच्या भांड्याजवळ कुणी गेले तर गुरगुरतो का, मांजर दिसल्यावर काय करतो, लिफ्टमध्ये अनोळखी माणूस शिरला तर कसा वागतो, रात्री एकटा झोपतो का, हे महिनाभर सोबत राहिलेल्या माणसालाच सांगता येते. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत ही माहिती म्हणजे घरातील लहान मुले आणि म्हाताऱ्या माणसांच्या सुरक्षेचा प्रश्न असतो.

तोटाही तितकाच स्पष्ट आहे. अशी घरे फार थोडी असतात. दोन खोल्यांच्या घरात एका वेळी एकच मोठा कुत्रा राहू शकतो. तो बाहेर पडल्याशिवाय पुढच्याला जागा होत नाही. दत्तक दिलेला कुत्रा आठवड्याभरात परत आला, तर रांगेतील दुसरा कुत्रा रस्त्यावरच राहतो. स्वयंसेवकांच्या चौकशांचे मूळ या हिशेबात आहे. इथे सर्वांत दुर्मीळ गोष्ट पैसा नसून रिकामी जागा आहे. घाईने दिलेला होकार ती जागा वाया घालवू शकतो.

प्रश्न काय असतात आणि का?

घर स्वतःचे की भाड्याचे, कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, कुत्रा दिवसातून किती तास एकटा राहील, घरातील सर्वांची संमती आहे का, मुलांची वये काय, आधी कुत्रा होता का आणि त्याचे काय झाले, गावी जाताना त्याला कोण सांभाळेल, हे बहुतेक अर्जांतील समान प्रश्न. लिफ्टचा प्रश्न विनोदी वाटतो. पण सांधे दुखू लागलेला साठ किलोंचा कुत्रा चौथ्या मजल्यावरून दिवसातून तीन वेळा खाली कसा न्यायचा, याचे उत्तर लिफ्ट नसलेल्या इमारतीत सापडत नाही. मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याचा विकार नेहमीचा आहे. त्यांचे आयुष्यही कमी असते. ग्रेट डेन साधारण सात ते दहा वर्षे जगतो. पाच वर्षांचा ग्रेट डेन दत्तक घेणारा खरे तर एका उतारवयीन प्राण्याची जबाबदारी घेत असतो.

निर्बीजीकरणाची अट मात्र वेगळ्या कारणासाठी. जातिवंत कुत्रा फुकट मिळणे ही चोरून पैदास करणाऱ्यांसाठी पर्वणी असते. ‘प्राणिप्रेमी कुटुंब’ म्हणून अर्ज करायचा आणि मादीकडून दर हंगामात पिल्ले घ्यायची, हा प्रकार स्वयंसेवकांना चांगलाच परिचित आहे. फार्महाऊसवर साखळीला बांधून ठेवण्यासाठी रॉटवायलर मागणारे तर सर्रास भेटतात. म्हणून शक्यतो निर्बीजीकरण करूनच कुत्रा दिला जातो. मोठ्या जातींत हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबण्याचा सल्ला पशुवैद्य अनेकदा देतात. अशा वेळी ठरावीक वयात शस्त्रक्रिया करण्याची लेखी हमी घेतली जाते.

प्रक्रिया कशी पार पडते?

कुत्रा ताब्यात घेताना मूळ मालकाकडून हक्क सोडल्याचे पत्र घेणे ही पहिली पायरी. कायद्याच्या दृष्टीने पाळीव प्राणी ही मालमत्ता असते. पत्र नसेल तर सहा महिन्यांनी मूळ मालक दारात उभा राहू शकतो. कुत्रा रस्त्यावर सापडला असेल तर तो सोडलेला की हरवलेला, हे आधी तपासावे लागते. मायक्रोचिप आहे का ते पाहणे, परिसरात आणि समाजमाध्यमांवर फोटो फिरवणे, मालकाची काही काळ वाट पाहणे आवश्यक असते.

अर्ज योग्य वाटला की फोनवर बोलणे, मग घराची भेट किंवा व्हिडीओ कॉलवरून पाहणी होते. खिडक्यांना जाळी, गॅलरीचा कठडा, फाटकाची कडी यांवर लक्ष असते. त्यानंतर संपूर्ण कुटुंबाने फॉस्टर घरी जाऊन कुत्र्याला भेटायचे. घरात आधीच कुत्रा असेल तर दोघांची गाठ मोकळ्या, दोघांनाही परक्या जागी घालून दिली जाते. काही गट दोन आठवड्यांचा चाचणी काळ देतात. शेवटी करारपत्र. त्यातील एक कलम सर्वांत महत्त्वाचे असते. पुढे कधीही, कोणत्याही कारणाने कुत्रा सांभाळणे अशक्य झाले तर तो परस्पर कुणाला न देता गटाकडेच परत करायचा. परत येणे गटाला परवडणारे नसते, तरीही हे कलम असते. कारण त्याला पर्याय रस्त्याचा असतो.

फुकटच्या कुत्र्याचा खर्च किती?

अनेक गट दत्तक देताना पैसे घेत नाहीत, काही निर्बीजीकरणाच्या खर्चाचा वाटा मागतात. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो आणि तो किलोवर मोजला जातो. जंतांची प्रचलित गोळी साधारण दहा किलो वजनामागे एक. म्हणजे दहा किलोंच्या गावठी कुत्र्याला एक आणि साठ किलोंच्या सेंट बर्नार्डला सहा. गोचीडनाशके, प्रतिजैविके, भूल, सलाईन यांचाही हिशेब वजनावरच असतो. रेबीजची लस तेवढी लहानमोठ्यांना सारख्याच मात्रेची. खाणे, मोठे हार्नेस, कुत्र्यासाठी ठरवलेली गाडी, सुट्टीत ठेवण्याचे दिवसाचे दर, सगळेच आकारानुसार चढत जाते.

आपल्याकडील पावसाळा आणि गोचीडताप यांचे नाते घट्ट आहे. दाट केसांच्या मोठ्या कुत्र्याच्या अंगावरील गोचीड लवकर दिसतही नाही. मुंबईसारख्या शहरात पावसाच्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो. छाती खोल असलेल्या मोठ्या जातींत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा जीवघेणा प्रकार घडतो. त्यात काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रा दगावतो. त्यामुळे रात्री उघडा असणारा दवाखाना कुठे आहे, हे कुत्रा घरी आणण्याआधीच ठाऊक हवे. मुंबईत परळचे ‘बैलघोडा’ रुग्णालय पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे चोवीस तास चालणारे लहान प्राण्यांचे रुग्णालयही सुरू झाले. लहान शहरांत आणि तालुक्याच्या गावी अशी सोय अपवादानेच आढळते.

पहिले तीन महिने कसे?

या क्षेत्रात ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा ठोकताळा सांगितला जातो. पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो. खात नाही, कोपऱ्यात बसतो. तीन आठवड्यांत घराचे वेळापत्रक त्याच्या अंगवळणी पडते आणि खरा स्वभाव दिसू लागतो. घर आपले आहे हे पटायला तीन महिने लागतात. प्रत्येक कुत्र्याला हे माप तंतोतंत लागू पडत नाही, पण घाई करणाऱ्यांना आवर घालण्यास ते उपयोगी ठरते.

दत्तक फसते ते बहुधा याच काळात. पहिल्या रविवारी सगळ्या नातेवाइकांना कुत्रा पाहायला बोलावले जाते. मुले गळ्यात पडतात. कुत्रा गुरगुरतो आणि ‘हा चावरा निघाला’ म्हणून फोन जातो. गुरगुरणे ही कुत्र्याची पूर्वसूचना असते. तिच्यासाठी मार देणारे लोक पुढच्या वेळी सूचनेविना चावणारा कुत्रा तयार करतात. पहिले काही आठवडे पाहुणे टाळणे, ठरलेल्या वेळी फिरवणे, जेवताना त्याला एकटे सोडणे, दुहेरी पट्टा वापरणे आणि गरज असल्यास पशुवैद्याकडे नेताना मुसके बांधण्याची सवय लावणे, इतके पथ्य पाळले तर बरेच कुत्रे रुळतात. न रुळल्यास वेळेत गटाला सांगणे हा कमीपणा नव्हे.

सोसायटी आणि भाडेकरूंचे काय?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ मधील परिपत्रकानुसार गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. बहुमताने ठराव केला तरी नाही. कुत्र्याचा आकार मोठा आहे हेही बंदीचे कारण होऊ शकत नाही. लिफ्टचा वापर नाकारण्यालाही मंडळाचा विरोध आहे. मात्र यातून मालकाची जबाबदारी संपत नाही. महापालिकेचा परवाना, दरवर्षी रेबीजची लस, सार्वजनिक जागेत पट्टा आणि विष्ठा उचलणे हे त्याचेच काम. प्राण्यापासून इतरांच्या जिवाला असलेला धोका टाळण्यात हयगय केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

भाडेकरूंचा प्रश्न अधिक अवघड. अकरा महिन्यांचा करार संपला आणि नव्या घरमालकाने कुत्रा नको म्हटले, की पहिला बळी त्याचाच जातो. म्हणून अनेक गट घरमालकाचे संमतीपत्र मागतात. ही अपेक्षा समजण्यासारखी आहे. पण काही गट भाडेकरूंना दारातूनच परत पाठवतात, तेव्हा ती चौकशी राहत नाही, भेदभाव होतो. शहरांतील तरुण कुटुंबे मोठ्या संख्येने भाड्याने राहतात. आधीच्या घरमालकाचा दाखला, कुत्र्याला तात्पुरते ठेवता येईल असे नातेवाईक, अशा पर्यायांचा विचार व्हायला हवा.

गटांचे कुठे चुकते?

स्वयंसेवा म्हणजे हिशेबातून सूट नव्हे. उपचारांसाठी समाजमाध्यमांवर देणगी मागणाऱ्याने दवाखान्याची बिले दाखवली पाहिजेत. नोंदणीकृत न्यास असेल तर दात्याला नोंदणी क्रमांक मागण्याचा अधिकार आहे. त्याहून गंभीर चूक माहिती लपवण्याची. घर लवकर मिळावे म्हणून कुत्रा पूर्वी चावला होता हे न सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या घरातील मुलाला धोक्यात घालणे. असा एक प्रकार उघड झाला की सगळ्याच गटांवरचा विश्वास उडतो. नकार देताना कारण सांगणे, दुसरा योग्य कुत्रा सुचवणे आणि अर्जाला ठरलेल्या मुदतीत उत्तर देणे यास पैसे लागत नाहीत. वैतागून विक्रेत्याकडे गेलेला प्रत्येक अर्जदार पुढच्या पिल्लांच्या पैदाशीला हातभार लावतो, याचे भान गटांनीही ठेवायला हवे.

दत्तक घेणाऱ्यांनीही सावध राहावे. ‘फुकट लॅब्रेडोर, फक्त वाहतुकीचे पैसे आधी पाठवा’ असे सांगून गंडा घालणारे आहेत. कुत्रा प्रत्यक्ष न पाहता, लसीकरणाचे पुस्तक आणि पशुवैद्याचे नाव न मिळता एक रुपयाही देऊ नये.

सोडणाऱ्याला धाक का नाही?

अर्जदाराला वीस प्रश्न विचारले जातात. कुत्रा सोडणाऱ्याला एकही नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, उपाशीतापाशी हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्यासाठी दंड किती, तर १० ते ५० रुपये. अनेक दशके हा आकडा बदललेला नाही. दुरुस्तीचा मसुदा नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने हरकतींसाठी खुला केला, त्यातून अद्याप कायदा झालेला नाही.

पैदाशीचेही तेच. २०१७ च्या नियमांनुसार प्रत्येक पैदासकाराने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकायचे नाही, विक्रीपूर्वी मायक्रोचिप बसवायची. प्रत्यक्षात समाजमाध्यमांवरील जाहिरातींत यातील कशाचाच उल्लेख नसतो. चिप असती तर सोडलेल्या कुत्र्याचा मालक काही मिनिटांत सापडला असता.

त्याऐवजी सोपा मार्ग निवडण्याचा प्रयत्न झाला. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने रॉटवायलरसह २३ जाती ‘हिंस्र’ ठरवून त्यांची आयात, पैदास आणि विक्री रोखण्यास राज्यांना सांगितले. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि पाठोपाठ दिल्ली उच्च न्यायालयाने ते परिपत्रक टिकू दिले नाही. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता असा निर्णय घेता येत नाही, हा त्यातील प्रमुख मुद्दा. दरम्यान, घाबरलेले मालक कुत्रे रस्त्यावर सोडतील, ही भीती प्राणिसंघटनांनी व्यक्त केली होती. जातीवर शिक्का मारल्याने बेजबाबदार मालक सुधारत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात त्यांना दत्तक घेण्याची मुभा देताना, दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. हेच तत्त्व पैसे मोजून कुत्रा घेणाऱ्यालाही लावले पाहिजे. महापालिकेच्या परवान्याला चिपची सक्ती जोडणे, चिपवरील नोंद मालक बदलल्यावर बदलणे, नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांच्या जाहिराती हटवणे आणि सोडून देण्याचा दंड खिशाला जाणवेल इतका करणे, यांपैकी काहीही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

तोपर्यंत हा भार काही घरांवरच राहणार. ज्यांना मोठा कुत्रा कायमचा ठेवणे शक्य नाही, त्यांनी एखाद्या गटासाठी महिनाभर तात्पुरते पालक व्हावे, तेही जमत नसेल तर दवाखान्याचे एक बिल भरावे. आणि ज्यांना तो खरोखर हवा आहे, त्यांनी अर्जातील प्रश्नांवर चिडण्याआधी ते घरच्यांसोबत बसून वाचावेत. पिल्लू विकत घेताना हेच प्रश्न कुणी विचारले असते, तर तो कुत्रा आज दुसऱ्या घराच्या शोधात नसता.